जिऑलॉजीच्या पहिल्या वर्षाला जे शिकवतात, ते बोअर मारण्याआधी माहीत असतं तर?

गावात बोअर मारायचा ठरला की सगळ्यात आधी पाणाडी येतो. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो शेतभर फिरतो. नारळ उभा राहिला की तिथे खूण करतो, दक्षिणा घेतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी येते. दोनशे फूट, तीनशे फूट, पाचशे फूट. बिल फुटावर. कधी पाणी लागतं, तर कधी नुसता करडा धुरळा उडत राहतो आणि शेतकरी बांधावर डोक्याला हात लावून बसतो.

आता त्याच बांधावर बीएस्सी जिऑलॉजीच्या पहिल्या वर्षाची एखादी विद्यार्थिनी उभी आहे असं समजा. ती काही चमत्कार करणार नाही. पण बोअरमधून वर येणारा चुरा हातात घेऊन ती बरंच काही सांगू शकेल. चुरा एकसारखा करडा असेल, तर खाली घट्ट कातळ आहे. त्यात पांढरे, हिरवट कण दिसले, तर खडक सच्छिद्र जातीचा आहे. लाल माती यायला लागली, तर लाव्हाचा एक थर संपून दुसरा सुरू होतोय. पाण्याची शक्यता यातल्या कुठल्या टप्प्यावर जास्त, याचा अंदाजही ती बांधू शकेल.

पुण्याचं फर्ग्युसन, मुंबईचं सेंट झेवियर्स अशा काही मोजक्या कॉलेजांत हा विषय शिकवला जातो. मराठीत त्याला भूशास्त्र किंवा भूविज्ञान म्हणतात. परदेशात त्याच्याच जोडीला समुद्र आणि हवामान शिकवतात आणि त्या सगळ्या गाठोड्याला अर्थ सायन्स म्हणतात. दहावीनंतर ज्यांचा भूगोल सुटला, त्यांना हे सगळं ‘दगडधोंड्यांचा अभ्यास’ वाटतं. पण या दगडधोंड्यांवर महाराष्ट्राचं पाणी, घरं आणि धरणं उभी आहेत. म्हणून हा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम थोडा उलगडून बघूया.

सुरुवात नखापासून

पहिल्या काही प्रॅक्टिकलमध्ये मुलांच्या हातात खनिजं देतात आणि ओरखडे काढायला सांगतात. जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीड्रिश मोस यांनी १८१२ साली कठीणपणाची एक पट्टी तयार केली. शंखजिरं १ नंबरवर, हिरा १० नंबरवर. आपलं नख येतं साधारण अडीचवर, पोलादी चाकू साडेपाचच्या आसपास, आणि गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, ७ वर. म्हणजे एखाद्या पांढऱ्या खड्यावर चाकूचा ओरखडा उठला, तर ती गारगोटी नाही. त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसलं, तर तो कॅल्साइट. दोनशे वर्षं झाली, ही चाचणी अजून तशीच चालू आहे. लॅब लागत नाही, मशीन लागत नाही.

खनिजं एकत्र येऊन खडक होतो आणि खडकांचे तीन प्रकार, हे तर शाळेतच पाठ झालेलं असतं: अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित. कॉलेजमध्ये फरक एवढाच पडतो की नाव पाठ करायचं नसतं, दगडाकडे बघून तो कसा तयार झाला ते सांगायचं असतं. स्फटिक मोठे दिसले, तर तो जमिनीखाली सावकाश थंड झालाय. स्फटिक डोळ्यांना दिसतच नसतील, तर लाव्हा बाहेर येऊन भराभर गार झालाय. महाराष्ट्रातला काळा दगड या दुसऱ्या जातीचा. त्याचं नाव बेसॉल्ट.

हा काळा दगड आला कुठून?

रायगडाचा कडा, वेरूळचं कैलास लेणं, अजिंठा, सह्याद्रीतली बहुतेक किल्ल्यांची तटबंदी आणि गावातला जुना पाटा-वरवंटा हे सगळं एकाच घटनेतून आलंय. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा बाहेर आला. शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या टोकातून आग, असं सिनेमातलं दृश्य इथे फारसं नव्हतं. लांबच लांब भेगांमधून लाव्हा पाझरून पसरत गेला. एक थर गार झाला की त्यावर दुसरा. मधल्या काळात कधी माती तयार व्हायची, मग पुन्हा लाव्हा. ही सगळी उलाढाल काही लाख वर्षं चालली.

आज उरलेला हा प्रदेश सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे. त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. यातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे, पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून तो आलाय. पावसाळ्यात माळशेज घाटात उभं राहून समोरचा डोंगर बघा. एकावर एक रचलेल्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. त्यातली प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एखादा थर किंवा अनेक थरांचा गठ्ठा.

मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे. झोपड्या आणि इमारतींच्या मधोमध सुमारे ६० मीटर उंचीचा, उभ्या खांबांची मोळी बांधल्यासारखा कातळ. लाव्हा गार होताना आकसतो आणि त्याला अशा उभ्या भेगा पडतात. जगात अशा जागा बघायला लोक तिकीट काढून जातात. इथे रिक्षावाल्यालाही पत्ता दोनदा सांगावा लागतो.

लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले की दगडात पोकळ्या राहतात. नंतर त्यातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांमध्ये स्फटिक जमतात. झिओलाइट गटातली ही खनिजं पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींतून निघतात. पुण्याजवळच्या वाघोलीत मिळालेलं निळंशार कॅव्हनसाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालयच आहे. बोअरच्या चुऱ्यात दिसलेले ते पांढरे-हिरवट कण बहुतेकदा याच घराण्यातले.

पुणे ते सीएसएमटी, ४५४ कोटी वर्षं

या विषयात सगळ्यात जड जातं ते वय. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे. क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली उल्कापाषाणातल्या शिशाचं प्रमाण मोजून जो आकडा काढला, तो जवळपास हाच होता. युरेनियम ठरावीक वेगाने मोडत जातं आणि शेवटी त्याचं शिसं होतं. किती मोडलं आणि किती उरलं, यावरून घड्याळ लावता येतं.

आकडा कळतो, पण डोक्यात बसत नाही. म्हणून एक हिशोब करू. पुणे स्टेशन ते सीएसएमटी हे रेल्वेचं अंतर १९२ किलोमीटर. पुण्यात पृथ्वी जन्मली आणि गाडी सीएसएमटीच्या बफरला टेकली की आजचा दिवस, असं धरा.

कामशेतच्या आसपास जीवसृष्टीच्या सगळ्यात जुन्या खुणा दिसतील. त्या म्हणजे सूक्ष्मजीव. मग लोणावळा गेलं, घाट उतरला, कर्जत, कल्याण, ठाणं गेलं, तरी डोळ्यात भरेल असा प्राणी जवळपास नाहीच. कवच, पाय, डोळे असलेल्या प्राण्यांची गर्दी होते थेट विक्रोळीला. डायनासोर दादर यायच्या जरा आधी चढतात. सँडहर्स्ट रोडच्या थोडं अलीकडे, सीएसएमटीला पावणेतीन किलोमीटर उरलेले असताना, दख्खनचा लाव्हा वाहतो आणि जवळपास तिथेच डायनासोर उतरतात. आपली मानवजात येते ती प्लॅटफॉर्मवर, शेवटच्या बारा-तेरा मीटरमध्ये. आणि शिवरायांचा राज्याभिषेक? बफरपासून दीड सेंटीमीटरवर.

डायनासोर लाव्हामुळे संपले की मेक्सिकोत आदळलेल्या अशनीमुळे, हा वाद पहिल्या वर्षाच्या वर्गातही रंगतो. अशनीची बाजू भक्कम मानली जाते. पण दख्खनच्या उद्रेकाने तेव्हाचं हवामान आधीच बिघडवलं होतं का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत.

जमीन सरकते, हे कुणी मान्य केलं नव्हतं

आल्फ्रेड वेगेनर हा मूळचा हवामानशास्त्रज्ञ. खंड एकेकाळी जोडलेले होते आणि नंतर सरकले, असं त्याने १९१२ साली मांडलं. भूशास्त्रज्ञांनी त्याला जवळपास हसण्यावारी नेलं, कारण खंड ढकलणारी ताकद कुठली हे त्याला सांगता येत नव्हतं. तो १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात वारला. समुद्रतळाचे नकाशे आणि तिथल्या खडकांचं चुंबकत्व हाती आल्यावर, म्हणजे १९६० च्या दशकात, त्याच्या कल्पनेला खरा आधार मिळाला.

आज भारताचा भूपट्ट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकतोय. नखं वाढतात त्याच्याहून किंचित जास्त. आशियाला धडकून त्याने हिमालय उचलला. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

मग महाराष्ट्रात भूकंप का होतात?

हिमालयात भूकंप का होतात हे यावरून कळतं. पण महाराष्ट्र तर भूपट्टाच्या मध्ये आहे, कडेला नाही. दख्खनचं पठार म्हणजे घट्ट, स्थिर, इथे काही होत नाही, असा समज १९६७ पर्यंत तज्ज्ञांचाही होता.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरलं. तीव्रता ६.३. दीडशेहून जास्त माणसं गेली. कोयना धरणात पाणी साठवायला सुरुवात झाली होती ती १९६२ साली, आणि त्यानंतर त्या भागात छोटे धक्के वाढत गेले होते. पुढच्या संशोधनातून जे समोर आलं ते असं: धरणाने भूकंप ‘तयार’ केला नाही. खालच्या खडकात ताण आधीपासून होता. जलाशयाचं ओझं पडलं, पाणी भेगांमधून खोल शिरलं, तिथला दाब वाढला आणि निसटायच्या बेतात असलेला खडक निसटला. जलाशयामुळे चाळवला गेलेला जगातला सगळ्यात मोठा भूकंप म्हणून कोयनेचं नाव भूशास्त्राच्या पुस्तकांत येतं.

गोष्ट तिथे संपली नाही. कोयना-वारणा भागात त्यानंतर ५ पेक्षा जास्त तीव्रतेचे वीसहून अधिक भूकंप झालेत. एका छोट्या पट्ट्यात इतके भूकंप सातत्याने होणारी जागा दुर्मीळ, म्हणून इथे ३ किलोमीटर खोल बोअर घेऊन अभ्यास चाललाय आणि त्यासाठी कराडला स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. (हा बोअर नारळ फिरवून घेतलेला नाही.)

दुसरी तारीख मराठवाड्याच्या काळजावर कोरलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली. हजारो माणसं गेली. तीव्रता होती ६.२, म्हणजे कोयनेएवढीच. मग बळींच्या संख्येत इतका फरक का?

इथे पहिल्या वर्षाचा एक धडा उपयोगी पडतो: भूकंपाची तीव्रता आणि भूकंपाचा हादरा या दोन वेगळ्या गोष्टी. रिश्टर म्हणून जो आकडा टीव्हीवर येतो, तो केंद्रात किती ऊर्जा बाहेर पडली ते सांगतो. तो एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. हादरा मात्र केंद्र किती खोल, तुम्ही किती लांब, पायाखाली काय आणि घर कशाचं, यावर ठरतो. किल्लारीचा भूकंप उथळ होता. घरांच्या भिंती मातीत बसवलेल्या जाडजूड दगडांच्या, वर धाब्याचं मातीचं जड छप्पर. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्याच भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. माणसं भूकंपाने कमी आणि घरांनी जास्त मारली.

त्या वेळच्या भूकंपप्रवण नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ साली नकाशा बदलला, झोन १ हा प्रकारच काढून टाकला आणि लातूरचा हा पट्टा झोन ३ मध्ये गेला. देशात ‘धोका नाही’ असा रकानाच उरला नाही.

आता व्हॉट्सॲपच्या मुद्द्यावर येऊ. ‘उद्या रात्री अमुक वाजता मोठा भूकंप होणार, नासाने सांगितलंय’ हा मेसेज दर वर्षी फिरतो. तारीख, वेळ आणि जागा सांगून भूकंपाचं भाकीत करणारी पद्धत जगात कुणाकडेही नाही. किल्लारीच्या आधीच्या वर्षी त्या भागात छोटे धक्के बसले होते, हे खरं. पण छोटे धक्के बसून पुढे काहीच न घडलेल्या जागा कितीतरी आहेत. कुठले धक्के मोठ्याची नांदी, हे आधी ओळखता येत नाही. तेव्हा तो मेसेज पुढे ढकलण्याआधी घराच्या भिंतींकडे एकदा बघा.

भूकंपाने एक गोष्ट मात्र दिली. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आणि माणसाने घेतलेला सगळ्यात खोल बोअर रशियातल्या कोला इथला, १२ किलोमीटरच्या जरा वर. मग आत गाभा आहे हे कळलं कसं? भूकंपाच्या लाटांवरून. यात रिचर्ड ओल्डहॅम या माणसाचा मोठा वाटा आहे आणि तो नोकरीला होता भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात. आसामच्या १८९७ च्या भूकंपाच्या नोंदींतून त्याने वेगवेगळ्या लाटा ओळखल्या आणि १९०६ साली गाभ्याचा पुरावा मांडला.

पुन्हा बोअरकडे

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग या बेसॉल्टवर आहे. आणि बेसॉल्ट पाण्याच्या बाबतीत कंजूष आहे. गंगेच्या मैदानात गाळाचे जाड थर असतात, वाळूच्या कणांमध्ये पाणी भरलेलं असतं. आपल्याकडे घट्ट कातळात पाणी राहायला जागाच नाही. ते राहतं फक्त तीन ठिकाणी. एक, वरचा कुजलेला भाग, म्हणजे मुरूम. दोन, लाव्हाच्या थराचा बुडबुड्यांचा सच्छिद्र भाग, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. तीन, कातळातल्या भेगा.

‘जमिनीखाली नदी वाहते, तिचा झरा पकडला की झालं’ ही समजूत इथेच मोडते. बेसॉल्टखाली नदी वगैरे नाही. आहे ते भेगांचं जाळं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. म्हणूनच एका शेतात धो धो पाणी आणि बांधापलीकडे ठणठणाट, असं होतं. पाणाड्याचा नारळ कधी कधी बरोबर का ठरतो, याचंही उत्तर यात आहे. वरच्या मुरुमात आणि भेगांत थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी असतंच. प्रश्न असतो किती आणि किती दिवस. ते नारळ सांगत नाही.

खोल गेलं की पाणी वाढतं, हाही असाच समज. खोलीबरोबर वरचा भार वाढतो आणि भेगा साधारणपणे कमी होत जातात. एखादी भेग खोलवर लागलीच, तरी त्यातलं पाणी बऱ्याचदा जुनं साठलेलं असतं आणि पुन्हा भरायला फार वेळ लागतो. पावसाचं पाणी या खडकात मुरतं किती? भूजलाचा हिशोब करताना बेसॉल्टच्या प्रकारानुसार साधारण ७ ते १३ टक्के धरतात. बाकीचं वाहून जातं किंवा वाफ होऊन उडतं. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत ते यामुळेच. प्रत्यक्षात गावोगाव काय चाललंय, हे बोअरच्या गाड्या बघून कुणालाही कळेल. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरच बंद केले आणि पाणी मुरवण्यावर भर दिला. त्या गावाने खडकाची कुवत ओळखली, एवढं म्हणता येईल.

बोअर घ्यायचाच असेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. तिथे भागाचे नकाशे असतात. आजूबाजूच्या विहिरींची खोली, उन्हाळ्यातली पातळी आणि शेजाऱ्याच्या बोअरमधून कुठल्या फुटाला काय निघालं, एवढी माहिती जमवली तरी पुष्कळ अंदाज येतो.

डोंगर कोसळतो तेव्हा

पावसाळा आला की हा विषय कोर्सपुरता राहत नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. २०२१ च्या जुलैत महाडजवळचं तळीये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी.

तिन्ही ठिकाणी तपशील वेगळे, पण यंत्रणा साधारण एकच. खाली न भिजणारा कातळ, वर कुजलेल्या दगडमातीचा जाड थर, तीव्र उतार आणि सलग काही दिवस पाऊस. पाणी वरच्या थरात मुरतं, कातळापाशी अडतं. मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत. मग अख्खा थर घसरतो, आणि तो पळायला वेळ देत नाही. उतार कापून काढलेला रस्ता, सपाटीकरण, तोडलेली झाडं यांनी आधीच डळमळीत असलेला उतार आणखी कमकुवत होतो.

भूकंपाचं आधी कळत नाही, दरडीचं मात्र पुष्कळदा कळतं. डोंगरउतारावर किंवा घराच्या जोत्याला नवी भेग पडणं. झाडं, विजेचे खांब किंवा कुंपण उताराकडे कलणं. दारं-खिडक्या अचानक अडकायला लागणं. नेहमी स्वच्छ वाहणारा झरा गढूळ होणं, एकदम बंद पडणं किंवा नवीनच जागी पाणी फुटणं. वरून दगड गडगडल्याचा आवाज येणं. यातलं काहीही जोरदार पावसात दिसलं, तर सामान आवरत बसू नका. उताराच्या रेषेतून बाजूला व्हा, ओढ्याच्या पात्रातून पळू नका, शेजाऱ्यांना उठवा आणि ११२ वर फोन करा.